नेव्हचा चष्मा आणि मॅरीचा बहर

गावच्या हॉलच्या आवारातल्या मॅरी नावाच्या उंच झाडाकडे नेव्ह गॅरिकने डोळे बारीक करून पाहिलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "यंदा बहर असा येणार की फांद्या दिसायच्या नाहीत! मी तर बुवा वेलींवर जाळ्या घालत नाही."

त्याला दिसल्या त्या कळ्या नव्हत्या. गेल्या वर्षीची वाळकी बोंडं होती.

बाकीच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन गुपचूप आपापल्या जाळ्या बाहेर काढून वेलींवर घातल्या. कारण पर्थच्या दक्षिणेला, दोन भूशिरांमधल्या या किनारपट्टीवर मॅरीचा बहर ही थट्टेची गोष्ट नाही. मॅरी फुलली की चष्मेवाली पाखरं मधावर तुटून पडतात आणि द्राक्षं वाचतात. मॅरी रुसली की तीच मुठीत मावणारी हिरवट पाखरं मळ्यात उतरतात, एक मणी टोचतात, तो टाकून पुढचा टोचतात. डोळ्यांभोवती पांढरं कडं मिरवणाऱ्या या पाखरांना सगळं स्वच्छ दिसतं. नेव्हचा चष्मा मात्र ट्रॅक्टरच्या खणात पडलेला. लावला की आपण म्हातारे दिसतो, असं त्याचं मत. वय एकसष्ट.

खरं तर त्याचं उभं आयुष्यच अंदाजावर चाललेलं, आणि गंमत म्हणजे बरं चाललेलं. वडिलांच्या गाई ज्या खडकाळ उतारावर तोंड घालत नसत, तिथे त्याने द्राक्षं लावली. "दगडात झाडं लावतोयस, खतही दगडाचंच घाल," वडील म्हणाले. पण दुपारी डोंगरधारेवरून समुद्राचा वारा आला की तापलेल्या लाल खडीत वेली अशा सुखावायच्या, की वडिलांनी पुढे तो विषयच काढला नाही. लिओनी पर्थहून आठवडाभराच्या सुट्टीवर आली, तेव्हाही 'ही राहील' हा नेव्हचा नुसता अंदाजच होता. ती राहिली.

इतकी वर्षं त्यांची द्राक्षं मोठ्या वायनरीच्या टाकीत जायची आणि दुसऱ्याच्या नावाने बाटलीत भरली जायची. यंदा पहिल्यांदा घरची वाइन करायची होती. लिओनीने तळघर धुऊन घेतलं होतं, पिंपं आणली होती. सगळं या एका पिकावर होतं. आणि नेव्हने तर मोठ्या मनाने जाळ्या शेजारच्या रूबी कॅस्टेलारीच्या अंजिरांसाठी देऊन टाकल्या होत्या.

फेब्रुवारी सरता सरता लिओनीने जेवणाच्या ताटात त्याच्यापुढे एक घड ठेवला. निम्मे मणी पाखरांनी टोचून पोकळ केलेले.

"हे काय?"

"तुझा बहर. जेव."

नेव्हने चष्मा शोधला, बाहेर जाऊन कुंपणाजवळच्या मॅरीकडे पाहिलं आणि परत आला.

"बोंडं आहेत गं."

"आहेतच. मी जानेवारीपासून सांगतेय."

रूबी चौऱ्याहत्तरची, अंजिराच्या झाडाला लावलेल्या शिडीवर उभी होती. नेव्हने जाळ्या परत मागितल्या, तशी ती वरूनच म्हणाली, "पोरा, जाळ्या काढल्या तर माझे अंजीर कोण खाणार? ती पाखरंच ना?"

"आज सगळे उतरवले तर?"

"कोण उतरवणार? तुझा तो कुरकुरणारा गुडघा?"

बरोबर आलेल्या लिओनीने पुढचं ऐकलंच नाही. ती गाडी घेऊन थेट किनाऱ्यावरच्या कॅरॅव्हॅन पार्कात गेली. दोन दिवस दक्षिणेचा वारा सुटलेला, समुद्र खवळलेला. सुट्टीवर आलेली मंडळी तंबूत पत्ते पिसून वैतागलेली. "खाल तेवढे अंजीर फुकट, उरलेले टोपलीत!" लिओनी ओरडली. मागोमाग गाड्यांची रांगच लागली. पोहण्याच्या कपड्यांत, नाकाला पांढरं मलम फासून, माणसं झाडांवर चढली. दुपारपर्यंत झाडं रिकामी, टोपल्या भरलेल्या आणि निम्मी जनता पोट धरून गवतात आडवी.

उरलेल्या निम्म्यांनी जाळ्या ट्रेलरवर लादून नेव्हच्या मळ्यात नेल्या आणि गाणी म्हणत रांगांवर ओढल्या. एका टकल्या दंतवैद्याच्या शर्टाचं बटण जाळीत अडकलं आणि तो वेलीबरोबर झाकला गेला. त्याला सोडवताना नेव्ह इतका हसला की त्यालाच कोणीतरी धरून बसवावं लागलं. पाखरं तारेवर बसून शिव्या घालत होती.

"तुझं काय देणं लागतो, रूबी?" नेव्हने विचारलं.

"पैसे नकोत. काढणीनंतरच्या गावजेवणाला माझ्याबरोबर एक वॉल्ट्झ नाचायचा. माझ्या नवऱ्याला जन्मात जमला नाही."

"माझा गुडघा..."

"मी गुडघ्याला नाही विचारलं."

पाखरांनी तिसरा हिस्सा नेला. उरलेली द्राक्षं मात्र अशी गोड निघाली की लिओनी दर घडामागे एक मणी तोंडात टाकत होती आणि मी चाखून बघतेय म्हणत होती. पिंपं सगळी भरली नाहीत. पण जी भरली त्यांवर खडूने 'गॅरिक' लिहिताना नेव्हने कोणी न सांगता चष्मा लावला.

एप्रिलमध्ये हॉलमध्ये जेवण झालं. नेव्ह लिओनीबरोबर नाचला, जेवणासाठी मुद्दाम परत आलेल्या दंतवैद्याच्या बायकोबरोबर नाचला, एकदा चुकून खांबाबरोबरही नाचला. रूबी ठेवणीतले बूट घालून पुढे आली, तेवढ्यात अकॉर्डियनवाला भाजलेली सॉसेजं खायला बाहेर गेला, तो परतलाच नाही.

इकडे कच्च्या रस्त्यावर गाड्या समोरासमोर आल्या की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करायची पद्धत आहे. रूबीही बोट उचलते. फक्त नेव्हची गाडी पार पुढे जाईपर्यंत ती ते खाली घेत नाही. एक नाच बाकी.