आमच्या कुंड्यांना गाडी हवी होती

घरात कुणी गाडी घ्यायची म्हणालं, की गाडीच्या आधी किस्सेच दारात येऊन उभे राहतात. आमच्याकडे इतके साठलेत, की पाहुणे चहाचा कप हातात घेतात आणि म्हणतात, "ते गाडीचं सांगा ना!" तर ऐका.

आम्ही दोघी जावा, सुलूताई आणि मी, मिळून बागकामाचा व्यवसाय करतो. लोकांच्या बाल्कन्या, गच्च्या, बंगल्यांची आवारं. सोबत दत्तूमामा, आमचे माळी. अंगानं काटकुळे, पण तोंडानं खणखणीत. इतकी वर्षं आमच्या कुंड्या माझ्या स्कूटरवरून नाहीतर रिक्षानं गेल्या. मग हिंजवडीतल्या एका मोठ्या सोसायटीची बाग सांभाळायचं काम समोर आलं. वर्षभराचं! अट एकच, स्वतःची गाडी पाहिजे. कमिटी ती डोळ्यांनी बघणार, मगच सही करणार. त्यासाठी त्यांनी थोडी मुदत दिली होती.

"मीना, हे काम सोडायचं नाही. गाडी घ्यायची म्हणजे घ्यायची," सुलूताई म्हणाली. तिनं असं म्हटलं की आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही.

*

रिक्षाचा शेवटचा प्रवास मंडईपासून झाला. मागच्या सीटवर आम्ही दोघी आणि आमच्या मांडीवर दोन पाम. पानं डावीकडे, उजवीकडे, रिक्षावाल्याच्या कानाशी. सिग्नलला तो मागे न बघताच म्हणाला, "ताई, आरशात नुसतं जंगल दिसतंय. मागून कोणी येत असेल तर तुम्हीच ओरडा!"

आम्ही कोथरूडपर्यंत आळीपाळीनं ओरडत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच शोरूम गाठलं.

*

शोरूममधला सेल्समन फार नम्र होता. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "सर कधी येणार आहेत?"

"कुठले सर?" सुलूताई.

"नाही म्हणजे... गाडी फायनल करणारे."

"हे बघा, गाडी मी चालवणार. पैसे ही मीना देणार. माती मामा भरणार. सर आले तर ते बसणार कुठे?"

त्यानंतर तो सरळ झाला. पण आमची एक सवय त्याला झेपली नाही. आम्ही गाडीचं माप टेपनं घेत नाही, झाडानं घेतो. कॅटलॉगमधली उंची घेऊन काय करायचंय? पाम मावतो का ते बोला! मामांनी घरून आणलेला पाम त्या चकचकीत व्हॅनमध्ये चढवला. दार लावलं, तर शेंडा अडकला.

सेल्समन म्हणाला, "थोडं ट्रिम केलं तर?"

"तुमची गाडी ट्रिम करा की," मामा म्हणाले. "झाडाला अजून वाढायचं हाय!"

*

मामांचं म्हणणं, उघडा टेम्पोच घ्या. "झाडाला वारा नको का? बंद डब्यात जीव गुदमरतो त्येचा." ठीक आहे, म्हटलं. टेस्ट ड्राइव्हला एक बहरलेली बोगनवेल मागे ठेवली आणि खडकीच्या दिशेनं निघालो. सुलूताईचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला की उठत नाही, हे सांगायचं राहिलंच.

पुढच्या सिग्नलला एक आजोबा स्कूटरवरून शेजारी येऊन थांबले. हेल्मेटच्या काचेवर चिकटलेली फुलं त्यांनी शांतपणे एकेक करून काढली आणि म्हणाले, "अहो, पुष्पवृष्टी आटोपली असेल तर आम्हाला रस्ता बघू द्या."

मागे वळून बघतो, तर कुंडीत नुसत्या काटक्या! मामांनी त्या काटक्या हातानं चाचपल्या. मग म्हणाले, "आता फांद्या तरी निवांत दिसत्यात." टेम्पोचा विषय तिथेच संपला.

*

मुदत संपत आली तशी मी धीर सोडायला लागले. सुलूताई मात्र रोज नवीन गॅरेज शोधून काढायची. एका गॅरेजात एक जुनी व्हॅन दिसली. लांबलचक, उंच, बंद. मागे दोन मोठी दारं, खाली स्टीलचा सपाट तळ, कडेला एक बाक. पाम सहज मावला! आमचा विश्वासच बसेना. खात्री करायला मामा आत चढले आणि पाय ताणून चक्क आडवे झाले. "ताई, झोपून बी जागा उरतीया!" म्हणत उठून बसले.

गॅरेजवाल्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "खरं सांगतो ताई. त्या जागेवर झोपलेला माणूस उठून बसलेला आज पहिल्यांदा बघतोय."

शववाहिका होती ती! मामा टुणकन बाहेर. घरी गेल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ, मगच चहा.

मी म्हटलं, "ताई, नको गं."

"का? इंजिन उत्तम आहे. हिला कुणी घाईनं पळवलेली नाही. घ्यायची!"

*

कागदोपत्री तिची मालवाहू गाडी करून घ्यायला सरकारी कचेरीत हेलपाटे घातले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मालवाहू गाडीची शववाहिका करायला येतात लोक," ते म्हणाले. "गाडीला परत कामाला लावणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

*

गाडी हिरवीगार रंगवली आणि रविवारी कमिटीसमोर उभी केली. कुणाला काही सांगायचं नाही असं मी घोकत होते. चेअरमन काका गाडीभोवती फिरले. मागचं दार उघडलं, आत चढले आणि कडेच्या बाकावर बसले. बसूनच राहिले.

"ही गाडी माझ्या ओळखीची आहे," ते म्हणाले. "आईला हिच्यातूनच नेलं."

खजिनदार बाई झटकन मागे सरकल्या. "अगं बाई! ही आपल्या आवारात नको हं!"

हातातोंडाशी आलेलं काम गेलं, असंच वाटलं मला. पण सुलूताई पुढे झाली. "काका, खोटं बोलणार नाही. गाडी तीच आहे. आम्ही धुतली, रंगवली. तुम्ही काम दिलं नाहीत तरी ही गाडी आम्ही ठेवणार आहोत."

काकांनी वाकून स्टीलच्या तळावरून सावकाश हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"पण काका, लोक काय म्हणतील?" खजिनदार बाई.

"मॅडम, मी इथेच बसलो होतो, आईचा हात धरून. सगळा रस्ता खणलेला होता. तिला एक धक्का लागला नाही." मग ते सुलूताईकडे वळले. "हं, झाडं कधी आणताय?"

"उद्या," सुलूताई म्हणाली.