मांडीशेजारचा शाफ्ट

माझा नवरा एवर्ट जन्माचा भित्रा. मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर कामाला होता, तिथं दार नीट लागलंय का हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायचा. अशा माणसानं घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातानं गाडी बांधावी, कमालच म्हणायची! सांगाडा आणि वरचं अंग खोक्यांतून आलं, इंजिन आणि शाफ्ट भंगारातल्या गाडीचे. हा शाफ्ट म्हणजे मागची चाकं फिरवणारी लांब नळी. दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यातून जाते, बसणाऱ्याच्या मांडीपासून चार बोटांवर.

"आणि तुटला तर रे?" मी विचारलं.

"असं बोलू नकोस गं, ग्लेनिस!" त्याचा चेहराच उतरला.

शाफ्ट हादरू नये म्हणून इंजिनाचा उतार आणि मागच्या धुरेचा उतार त्यानं मोजून मोजून जुळवला. पण त्याआधी शाफ्ट सुटा करून, घासून, चकचकीत काळा रंगवला.

"तिथं खाली कोण बघणार आहे, मेल्या?"

"घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातले सगळे गवतावर आडवे होऊन बघतात."

पहिल्याच रविवारी लीक गावच्या रस्त्याला लागलो. सावकाश होतो तोवर ठीक. वेग वाढला तशी सीट थरथरली, मग बोगदा धडधडायला लागला.

"रस्ता खराब आहे," एवर्ट म्हणाला.

"रस्त्याला काय धाड भरलीये? थांबव!"

पत्रा मांडीला हादरे देत होता. आता शाफ्ट तुटून आत येणार, माझा पाय जाणार, एवढंच डोक्यात.

कडेला थांबून तो गाडीखाली शिरला.

"शाफ्टचे दोन तुकडे एकात एक सरकतात," तो खालूनच म्हणाला. "दोन्ही टोकांचे जॉइंट एका रेषेत यावे लागतात. त्यासाठी दोन्ही तुकड्यांवर बाण कोरलेले असतात. ते माझ्या रंगाखाली गेले."

"मग जोडलास कसा?"

"अंदाजानं."

अंदाजानं! मी कपाळावर हात मारला. त्यानं नाण्यानं रंग खरवडला, शाफ्ट उतरवला, बाणासमोर बाण आणला. पण धास्तीनं तो एकेक नट लावून पुन्हा काढून बघत बसला, एकही धड बसेना. शेवटी रविवारच्या फ्रॉकसकट मीच खाली शिरले आणि सगळे नट आवळले.

बाहेर आले तर एवर्ट गवतावर फतकल मारून बसला.

"तू बसनं घरी जा."

"रविवारची बस कुठली आलीय इथं?"

"मी पुन्हा चुकलो असेन तर? तुझे पाय, ग्लेनिस..."

मी फ्रॉकला हात पुसले. "ऊठ," मी म्हटलं. "गाडी मी चालवते."

मी हळूहळू वेग वाढवत नेला. मघाशी धडधड सुरू झाली होती तो वेग जवळ आला, तसा एवर्टनं आपला हात बोगदा आणि माझी मांडी यांच्यामध्ये खुपसला. तळवा पत्र्याकडे. शाफ्ट सुटला असता तर त्या हातानं काय अडणार होतं? गाडी शांत पळत होती, तरी घर येईपर्यंत त्यानं तो काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही.