नववीच्या ग्रुपवर हिचा फोटो

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची सगळी उमर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश मारण्यात गेली. वाचता येतं, पण बोट ठेवून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

आमची ही गेली तेव्हा मुलाने माझ्या मोबाईलवर तिचा फोटो लावून दिला. चंदनाचा हार घातलेला, कपाळाला ठसठशीत कुंकू. रत्नागिरीची माणसं आणि गाळ्यातले जुने सोबती ज्या साईटवर एकमेकांची खबर घेतात, तिथे माझं खातं आहे. नाव माझं, आणि शेजारच्या गोलात ही. आमच्याकडे घरटी असंच करतात. वर्षश्राद्ध होईस्तोवर फोटो हलणार नाही, असं मी तेव्हाच घरात बजावलं होतं.

त्याच सुमारास नातीच्या शाळेत नवी टूम निघाली. भूगोलाच्या बाईंनी त्याच साईटवर नववीच्या वर्गाचा ग्रुप काढला. बाई विषय टाकणार, पोरांनी आपलं मत लिहायचं, दुसऱ्याचं वाचून त्याला उत्तर द्यायचं. वर्गात सगळ्यांना बोलायला मिळत नाही म्हणून.

नात म्हणाली, "आबा, मला माझं खातं काढून द्या ना."

"पोरीचं नाव आणि फोटो जगाला दाखवायचं काही कारण नाही," मी म्हटलं. "माझ्या खात्यावरून लिही."

मुलाने मान डोलावली. सून डबे भरत राहिली. त्या दोघांचे फोन त्यांच्याबरोबर कामाला जातात, दिवसभर घरात फोन असतो तो माझाच.

पोरगी बोलकी. हिला अक्षर येत नव्हतं, तर नात शाळेतून आली की धडा मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ही भाजी निवडता निवडता "मग?" म्हणायची. ही गेल्यावर नात मला ग्रुपवरचं वाचून दाखवायला लागली. कुणी काय लिहिलं, आपण त्याला कसं खोडून काढलं. भांडायची नुसती. एका पोराने लिहिलं की मुलींना मैदान कशाला लागतं, तर त्याला एवढं लांबलचक उत्तर दिलं की बाईंनी खाली शाबासकी टाकली. मी ऐकायचो. "मग?" म्हणायचं मला कधी सुचलं नाही.

एकदा बाईंनी विषय दिला, आपल्या घरी पाणी कसं येतं. नातीने आजीबद्दल लिहिलं. इथे नळ नव्हते तेव्हा आजी टँकरमागे हंडा घेऊन कशी धावायची, कुणाच्या कोपराने तिचा दात कसा पडला. चांगलं लिहिलं होतं. मला दोनदा वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी फोन उघडला. तिच्या लिखाणाखाली वर्गातल्या एका पोराने लिहिलं होतं, "आजी, स्वर्गात पण टँकर येतो का?" त्याच्याखाली दुसरा, "हार काढून धावा, आजी." मग हसणारी तोंडंच तोंडं. बोट ठेवून ठेवून मी सगळं वाचलं. तेव्हा कळलं की त्या पोरांना नातीचं तोंड दिसतच नव्हतं. तिचा शब्दन् शब्द त्यांच्यापुढे हार घातलेल्या बाईच्या तोंडून येत होता.

आवाज कसा पाठवायचा ते मला येत होतं. मी बटण दाबलं आणि बोललो, "कोण रे तू? तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हा या बाईने या भाईंदरात पाणी भरलंय. समोर ये, मग सांगतो स्वर्गात काय येतं ते!" मधेच खोकला आला, तोही गेला त्यात.

दोन दिवसांनी नात शाळेतून आली ती दप्तर न काढता तशीच उभी राहिली.

"आबा, तुम्ही कशाला बोललात? वर्गात मी उत्तर द्यायला उठले की सगळे तुमच्यासारखं खोकतात. 'समोर ये, समोर ये' करतात."

"करू देत. आपण खरं बोललो."

"निदान फोटो तरी बदला ना."

"नाही बदलणार."

सून म्हणाली, "बाबा, पोरीसाठी तरी." मी तिला म्हटलं, तुझ्या सासूला मी त्या कार्ट्यांच्या हसण्याला घाबरून काढून टाकू? ती स्वयंपाकघरात गेली.

नातीने लिहिणं बंद केलं. वाचून दाखवणंही बंद झालं. मग एका दुपारी बाईंचा फोन आला.

"आजोबा, त्या मुलांना मी समज दिली आहे. पण तुमची नात आता वर्गातही बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. तेवढा फोटो..."

"बाई, फोटो हलणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला खरा. पण हजेरीलासुद्धा बोलत नाही, हे काही डोक्यातून जाईना. मग चपला घातल्या आणि केबिन रोडला मोबाईलवाल्याकडे गेलो.

"ये फोटो निकालना है."

त्याने पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, दूसरा कौन सा लगाऊँ?"

"कुछ नहीं."

त्याने बोट फिरवलं. हिच्या जागी राखाडी रंगाचं, नाकडोळे नसलेलं डोकं आलं. वर्ष भरलं नव्हतं.

घरी येऊन फोन नातीपुढे ठेवला. "घे. लिही आता."

तिने फोन उचलला, त्या गोलाकडे बघितलं. "आजीला काढलंत?" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, खूश होईल.

बाईंचा नवा विषय आलेला होता, रस्त्यावरच्या झाडांचा. बाकीच्या पोरांनी भराभरा लिहिलं होतं. तिनेही लिहिलं आणि फोन परत दिला.

"वाचून दाखव," मी म्हटलं.

"वरील सर्वांशी सहमत."

पुढे काहीच येईना. तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, "मग?"

"मग काही नाही, आबा."

त्यानंतर ती दर विषयाला तेवढंच लिहिते. कुणी हसत नाही. मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. फोटो पुन्हा लावलेला नाही.