सिरुसेरीच्या टेबलावरची गॅजेटं

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे ते साठत जातात. कुठला कुठल्या फोनचा हे आठवत नाही, पण टाकवतही नाही!

आमचा ड्रॉवर म्हणजे चेन्नईजवळ सिरुसेरीला आमच्या ऑफिसच्या कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल. तिथे रोज जेवायला आम्ही चौघं. मकरंद जळगावचा, रेवती नाशिकची, मी साताऱ्याची आणि वसंता इथलीच, तांबरमची. वसंताचं घराणं तंजावरचं मराठी. तिचं मराठी आमच्यापेक्षा कितीतरी जुनं, आणि त्याला चाल तमिळची. दिवसभर आम्ही परदेशातल्या बँकांच्या सिस्टिम सांभाळतो. घरचा टीव्ही मात्र आमच्यापैकी एकालाही नीट लावता येत नाही. त्यामुळे नवीन काय घेतलं आणि ते कसं बिघडलं, यावरच डबे संपतात.

पहिला किस्सा माझाच. चेन्नईत येऊन मला महिनाच झाला होता. रविवारी सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरात तळं! फ्रिज गळत होता. तमिळ नुकतंच शिकायला घेतलेलं. मेकॅनिकला फोन लावला आणि ऐटीत सांगितलं, "फ्रिज अळुदु!"

गळतंय म्हणजे 'ओळुगुदु'. मी म्हणाले होते, फ्रिज रडतोय.

तो म्हणाला, येतो. अर्ध्या तासात आला. पन्नाशीचा, कपाळाला विभूती लावलेला गृहस्थ. त्याने फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला कळावं म्हणून तमिळमध्ये सावकाश विचारलं, "कोण रडतंय मॅडम? फ्रिज का तुम्ही?"

आता काय लपवणार? सकाळपासून माझे डोळे सुजलेलेच होते. म्हटलं, "दोघंही."

त्याने बॅग खाली ठेवली. "फ्रिजचं मी बघतो. तुम्ही अम्माला फोन लावा!"

मकरंदच्या आईचं आणि मोबाइलचं वेगळंच. तो जळगावला फोनवरून शिकवत असतो आणि आम्ही जेवता जेवता ऐकत असतो.

"आई, वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का?"

"चष्म्यानं तीन दिसतात. बिनचष्म्याचे सहा. कुठले दाबू?"

याच मकरंदची बायको तमिळ. मुलगी इरा सहा वर्षांची, घरात तमिळच बोलते. आजीशी बोलायचं तर मध्ये बाप लागतो. म्हणून मकरंदने भाषांतर करणारं ॲप घेतलं. आजी मराठीत बोलणार, इराला तमिळमध्ये ऐकू येणार. आठवडाभर तो आमच्यासमोर मिरवत होता.

पहिल्याच कॉलला आजीचा ऊर भरून आला. "माझी बाय गं! तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन!"

ॲपने तमिळमध्ये थंडपणे जाहीर केलं, "मी माझा जीव फिरवून फेकून देणार आहे."

इराने भोकाड पसरलं. "पाट्टी, वेंडाम! वेंडाम!" ॲपने तेही इमानदारीत उलटं फिरवलं, "आजी, नको! नको!"

"काय रे, आजी नको म्हणते का पोर?" म्हणून तिकडे आजीच्या डोळ्यांना पदर!

शेवटी मकरंदने ॲप बंद केलं आणि दोघींच्या मध्ये बसून तासभर स्वतःच भाषांतर केलं. एक फायदा झाला. इराला पहिलं सलग मराठी वाक्य आलं. आता दर रविवारी फोन ठेवताना ती न चुकता म्हणते, "आजी, जीव टाकू नको हं!"

रेवतीने नाशिकला आईवडिलांच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवला. एकुलती एक मुलगी, काळजी वाटते. कॅमेऱ्यातून बोलताही येतं. एकदा आमची मीटिंग चालू असताना तिला मोबाइलवर दिसलं, शुगरवाले बाबा हळूच लाडवाचा डबा उघडतायत. ती ओरडली, "डबा खाली ठेवा!"

पण माइक मीटिंगचा चालू होता! बाबांना काहीच ऐकू गेलं नाही. स्क्रीनवर मकरंदने मात्र मुकाट्याने हातातला डबा खाली ठेवला.

संध्याकाळी तिने बाबांना चांगलंच झापलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात हॉल दिसेना. अंगण, तुळस आणि फाटक. तिने फोन केला, "बाबा, कॅमेरा का फिरवलात?"

"घरात काय बघतेस आम्हा म्हाताऱ्यांना? फाटकावर लक्ष ठेव," बाबा म्हणाले. "तू येताना दिसलीस, की आम्हाला कळव!"

त्या दिवशी रेवती भात चिवडत बसली.

वसंताचा भाऊ बाळू अमेरिकेत असतो. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने अम्मासाठी झाडू मारणारा रोबो आणला, थाळीसारखा गोल. स्वतःच्या फोनवर जोडून दाखवला, आणि घाईत तसाच परत गेला. रोबो तांबरमला आणि त्याचं बटण अमेरिकेत!

वसंता म्हणाली, मी रिसेट करते, पाच मिनिटांचं काम. अम्मा नको म्हणाल्या. कारण तोवर त्यांना एक गोष्ट कळली होती. दुपारी चारच्या सुमाराला रोबो आपोआप सुरू होतो, म्हणजे तिकडे सकाळ झाली, बाळू उठला आणि त्याने फोनवरचं बटण दाबलं. रोबो घुर्र करून निघाला की अम्मा त्याच्या वाटेतली खुर्ची उचलून म्हणतात, "उठला बाळू." मग स्वतःसाठी कॉफी टाकतात.

एक दिवस चार वाजले, साडेचार वाजले, पाच झाले. रोबो जागचा हलेना. अम्मांनी कॉफी टाकली नाही. सहा वाजता थेट अमेरिकेला फोन.

"कां रे बाळू, प्रकृति बरी आहे कीं? आज घर झाडलें नाहींस!"

आता राहिले वसंताचे अप्पा. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका पेढीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली. आता गुडघे गेल्यामुळे घराबाहेर पडत नाहीत. बातम्या वाचायला वसंताने टॅब दिला, तर त्यांना त्यात नकाशा सापडला. रस्त्यांचे फोटो असतात ना, बोटाने सरकवत पुढे पुढे जाता येतं, तो.

अप्पांचे पूर्वज साताऱ्याकडच्या एका गावातून तंजावरला गेले. किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलेलं नाही. गावाचं नाव तेवढं आजोबांकडून ऐकलेलं. अप्पांनी ते नाव टाकलं, आणि गाव निघालं! तेव्हापासून रोज जेवण झालं की अप्पा गावी जातात. वेशीतून शिरतात, देवळापर्यंत चालतात, कॉफीच्या वेळेला तांबरमला परत.

मागच्या रजेत मी साताऱ्याला गेले, तेव्हा भावाच्या स्कूटरवरून त्या गावात गेले आणि वेशीपासून अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. वसंता नंतर सांगत होती, ते सकाळपासून धुतलेली वेष्टी नेसून, उपरणं घेऊन तयार बसले होते.

मी फोन पुढे धरून चालत होते. वाट मला अप्पाच दाखवत होते.

"पुढें चला. देऊळ येईल. डावीकडे वळा. हळू, तेथें दगड आहे."

दगड खरंच होता!

एका घरासमोर म्हणाले, "थांबा." तीन पायऱ्या, लाकडी दार. अप्पा टॅबवर वाकले. मग म्हणाले, "हें दार चित्रांत सदा बंद असतें."

आता ते सताड उघडं होतं.

आतून एक म्हाताऱ्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय गं, कसलं शूटिंग चाललंय?"

मी म्हटलं, "चेन्नईचे एक आजोबा तुमचं गाव बघतायत. त्यांचे पूर्वज इथले. फार जुनी गोष्ट आहे."

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. अगदी डोळ्यांजवळ धरला. एकदा लांब केला, पुन्हा जवळ आणला. आणि म्हणाल्या, "अहो, कुठं होता इतके दिवस?"

अप्पांनी हात जोडले.

"यावयास उशीर जाहला, बाई."

"झाला तर झाला. मग दारात काय उभे? आत या की!"

आणि फोन घेऊन बाई आत गेल्या. मी पायरीवरच उभी.