सदतीस मीटर मागे हटलेला समुद्र

अक्कलकोटच्या गुरुबसप्पांनी पंचवीस वर्षे चादरींच्या नक्षीचे आलेख काढले. कारखाना बंद पडला, आणि चौकोन मोजण्याची ती सवय शुक्रवार पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका नकाशा-कार्यालयात कामी आली. तिथे कोकणातल्या एका किनाऱ्याची ड्रोनने टिपलेली हजारो छायाचित्रे येत. एकच खडक निरनिराळ्या कोनांतून ओळखून गुरुबसप्पा ती जुळवत, आणि पडद्यावर सारा किनारा उंचसखल उभा राही. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मालक उदयसिंह यांच्या मते कामाला त्याची गरजही नव्हती.

एप्रिलपेक्षा ऑक्टोबरच्या नकाशात पाण्याची कड सदतीस मीटर आत आलेली आढळली. अहवाल सरकारकडे गेला, आणि गुरुबसप्पांना शाल-श्रीफळ मिळाले. किनाऱ्यावरच्या एकतीस कोळी कुटुंबांना, त्यांच्याच भल्यासाठी, घरे सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या.

पुढे एकदा छायाचित्रे चाळताना त्यांना दिसले, की एप्रिलमध्ये वाळूवर कलंडलेल्या होड्या ऑक्टोबरमध्ये त्याच खुंटांना बांधलेल्या तरंगत आहेत. त्यांनी ड्रोन उडवणाऱ्या एजाजला फोन लावला.

"फोटो काढलास तवा पाणी कुटं हुतं रं?"

"पहिल्या खेपेला लई लांब. दुसऱ्या खेपेला चपला भिजल्या. ते रोज दोनदा येतं-जातं की, चाचा. आपल्या तलावासारखं न्हाय."

"मग सांगितलं न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाई."

भरती-ओहोटीवर गुरुबसप्पांनी शाळेत दोन गुणांचे उत्तर लिहिले होते. दोन्ही गुण मिळाले होते. आता त्यांनी पाण्याची कड सोडून वाळूची उंची ताडून पाहिली. किनारा वीतभरही खचला नव्हता.

उदयसिंहांनी शांतपणे ऐकून घेतले. "एजाजला पुन्हा पाठवू. पाणी लांब असताना उडवील. किनारा पूर्ववत झाला, असं लिहू. आपल्या देखरेखीमुळे."

"आधीचं चुकलं हुतं, एवढी एक ओळ घाला, साहेब."

"घालतो. मग चौकशी लागेल, ती दोन वर्षं चालेल. तोवर घरं राहतील का, तुम्हीच सांगा."

आलेखातला एक चौकोन चुकला तर पूर्ण कागद फाडणाऱ्या गुरुबसप्पांनी एजाजच्या नव्या छायाचित्रांवरून अहवाल तयार केला. मग त्याखाली सही केली. महिन्याभरात नोटिसा मागे घेतल्या गेल्या. समुद्र हटवल्याबद्दल त्यांना दुसरी शाल मिळाली.

पुढच्या पाहणीला निघण्यापूर्वी एजाज कार्यालयात आला.

"चाचा, तिथल्या एका म्हातारीनं मागं निरोप दिला हुता. सायबाला म्हणावं, पुन्हा मोजाल तेव्हा आधी आम्हाला विचारा. पाणी कधी कुठं असतं, ते आमची पोरंही सांगतात."

गुरुबसप्पांनी खणातून दुसरी शाल काढली. घडी मोडलेली नव्हती.

"ही तिला दे," ते म्हणाले. "आन् सांग, चूक माजी हुती."