कॉव्हेंट्रीजवळ, युद्धापूर्वीच्या गाडीतून

शुक्रवारी सुधामामीचा फोन आला. "ह्यांना गाडीतून एकदा फिरवून आण गं. मग तरी मन भरेल आणि ती गाडी सोडायला तयार होतील." वसंतमामा निवृत्त भूलतज्ज्ञ. नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत गेला आणि त्यांचं लायसन्स गेलं. शनिवारी सकाळीच मी ब्रॅकनेलहून कॉव्हेंट्रीला त्यांच्या घरी निघाले.

एम फोर, ए थर्टीफोर, मग एम फोर्टी असे महामार्ग. ऑक्सफर्डपाशी गाड्या तुंबतात, लवकर निघालेलं बरं. महामार्गावरच्या सर्व्हिसेसमधली कॉफी महाग आणि कडू, थर्मास सोबत न्या. कॉव्हेंट्रीत फोल्सहिल रोडवर गरम समोसे घेतले.

मामांची जुनी गाडी गॅरेजमध्ये पुसून तयार होती. लांब निमुळतं बॉनेट, दोघांपुरती जागा. महायुद्धाच्या तोंडावर अशा मोजक्याच बनल्या, मग कारखाना युद्धाच्या कामाला लागला आणि हे मॉडेल बाजारात आलंच नाही. मामांनी ही गंजलेल्या सांगाड्यापासून उभी केली होती.

गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. माझ्या हातून गियर करकरत होते. "हळू. तिला घाई चालत नाही," मामा म्हणाले.

केनिलवर्थच्या पुढे त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा खासगी रस्ता आहे, अगदी सरळ. तिथे मामा म्हणाले, "आता मी."

"मामा, नको."

"इथे कोणी नसतं. कडेची झाडं दिसतात मला."

मी जागा दिली. गियर एकदाही वाजला नाही. मामा हसत होते.

कुंपणातून एक पायवाट त्या रस्त्यावर येते. तिथून एक बाई कुत्र्याला घेऊन आली आणि रस्त्यात थबकली. मामांनी पाहिलं असेल असं मला वाटलं. वेग कमी होईना.

"मामा, ब्रेक!" मी हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होऊन गवतात थांबली. बाई जागची हलली नव्हती. "मी दिसले नाही का त्यांना?" तिने मला इंग्रजीत विचारलं. मी माफी मागितली.

मामांनी इंजिन बंद केलं. "कोण आहे?"

"एक बाई. अगदी समोर."

"मला रस्ता मोकळा दिसला," ते म्हणाले. "अजूनही मोकळाच दिसतोय."

मग बॉनेटला हात लावत लावत ते दुसऱ्या बाजूला येऊन बसले. घरी मामीला त्यांनी स्वतःच सांगितलं. समोशांना कोणी हात लावला नाही. ब्रॅकनेलला पोहोचल्यावर मी बराच वेळ माझ्या गाडीतून उतरले नाही.

मामांची गाडी आता एका संग्रहालयात आहे. जमलं तर जाऊन बघा, फार देखणी आहे. मामा मात्र हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नाहीत. त्यांनी गाडी सोडावी, एवढंच आम्हाला हवं होतं.