मोगरीचं पोट आणि काकांचा कौल

आमच्या सर्वण गावच्या गोठ्यात शेण आणि किस्से एकाच वेगाने साठतात. शेणाचं निदान खत होतं. किश्श्यांनी फक्त माझं डोकं तापतं!

गोठा काकांचा. मी पशुआहार शिकून आलेली पुतणी. म्हणजे पदवी माझी, शेवटचा शब्द त्यांचा! गेल्या वर्षी दूध तोडल्यावर दोन वासरं हगवणीने गेली. यंदा मोगरी जन्मली तेव्हाच काका म्हणाले, "ही गेली तर गोठा बंद. गुरं विकून मोकळा होतो."

मोगरीचं दूध तोडलं आणि हगवण सुरू!

*

डॉक्टरांनी औषध दिलं, जोडीला फायबरची पावडर. मी काकांना समजावलं, "आतड्याचं अस्तर कमजोर झालं की रोगजंतू आत शिरतात. फायबर हे पोटातल्या चांगल्या जंतूंचं खाणं. ते जगले तर अस्तर धड राहतं."

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे गो बाय, आता जंतूंनाही चारा मीच घालायचा?"

*

"फायबरच हवं ना? मग विकत कशाला?" दुसऱ्या दिवशी काका काजूच्या बोंडांचा रस काढून उरलेला चोथा घेऊन आले. चांगला आंबलेला! मोगरीने तोंड फिरवलं. तिच्या आईने, चंद्रीने, पाटी चाटूनपुसून साफ केली.

संध्याकाळी चंद्री खांबाला टेकून, डोळे अर्धे मिटून डुलत होती. मी किंचाळले.

काका धार काढत म्हणाले, "रोज लाथ मारते. आज बघ, किती समजूतदार!"

*

मग काकांनी देवाला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली की होकार. पावडर द्यायची का? उजवी पडली! म्हटलं, चला, देव तरी शिकलेला निघाला.

घरी येऊन काकांनी अर्धा डबा एकदम मोगरीच्या घशात ओतला. मोगरी फुगली. मी रडकुंडीला आले.

"काका, अर्धा डबा?"

"देवाने होय म्हटलं."

"पण किती, ते विचारलंत?"

"त्याला काय तेवढंच काम आहे?"

डॉक्टर धावत आले, म्हणून मोगरी वाचली.

*

त्यानंतर डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. मोगरीला रोज एक कुलेर, भरपूर पाण्यातून, आणि तीही माझ्याच हाताने. बाकीचे चमचे घरात पुष्कळ, पण ही कुलेर फक्त मोगरीची! शेण हळूहळू घट्ट होऊ लागलं.

डबा मात्र भराभर संपू लागला. मी मुंग्यांना शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या. "पॅकिंगमध्ये फसवतात गो हे लोक," म्हणत काका स्वतः डिचोलीला जाऊन नवा डबा घेऊन आले. न सांगता! मला वाटलं, सुधारला माणूस.

*

परवा डॉक्टर आले. मोगरी दावं ताणून उड्या मारत होती. त्यांनी तिचं पोट चाचपलं, शेण बघितलं आणि हसले. "धोका टळला. गोठा बंद करायची गरज नाही. पावडर तेवढी बंद करा."

काका ताडकन उठले. "बंद? कशाला बंद? आता कुठे रोज सकाळी साफ व्हायला लागलंय!"

"मोगरीला?"

स्वयंपाकघराच्या जनेलातून काकींचा आवाज आला, "मोगरीला दुपारी होतं हो, डॉक्टर!"